न सरकलेला रोल

"मॅडम, रोल पूर्ण कोरा आहे," पुण्याचा लॅबवाला फोनवर म्हणाला. "एकही फोटो उमटलेला नाही. फिल्म आत सरकलीच नसणार." फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुटली होती आणि मी कुरकुंभला कंपनीच्या गेटवर उभी होते. आधी मी त्या माणसावर चिडले, मग कॅमेऱ्यावर. पुढचे तीन रविवार मी त्या कॅमेऱ्यावर चिडण्यातच घालवले.

कॅमेरा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. शिरूरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं त्यांनी ह्याच कॅमेऱ्यावर काढली. आता ते न्हावऱ्याला माझ्या भावाकडे असतात. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेलाय. डाव्याला समोरचं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब टाकायचे, असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवाळीत ते मला म्हणाले, "डोळा हाय तवर एक रोल काढू वाटतंय. मी लग्नं काढली त्यातली जी जोडीनं शिल्लक हायेत, त्यांचं फोटू." आप्पांनी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी लगेच कंबर कसली.

मी फिटर आहे. दौंडला राहते आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पंप, व्हॉल्व बघते. यंत्र हातात आलं की आधी साफ करायचं, ही माझी खोड. स्टुडिओत दर खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा व्हायची, त्यामुळे त्याच्या सांध्यासांध्यात हळदकुंकू जाऊन बसलं होतं. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन सगळं पुसलं. डावीकडच्या गोल बटनावरचा एक ठिपका फार चिवट निघाला, तो नखाने खरवडून काढला. काय काय पुसलं ते मी सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. त्यांनी चकचकीत कॅमेरा हातात घेतला आणि नुसतं "बरं" म्हणाले.

रोल त्यांनी स्वतःच भरला. रोलचं तोंड ते आखूड कापतात आणि टोक आतल्या रिळात जेमतेम खोचतात. एवढी काटकसर केली की छत्तीसच्या रोलवर अडतीस फोटो निघतात, ही त्यांची धंद्यातली जुनी सवय. मग माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना गाडीवर मागे बसवून कधी न्हावऱ्यातच, कधी पार कवठे येमाईपर्यंत फिरवलं. म्हाताऱ्यांनी ठेवणीतली नऊवारी आणि इस्त्रीची धोतरं बाहेर काढली. नवऱ्याशी कित्येक दिवस अबोला धरलेल्या एका आजींनी फोटोपुरता तो सोडला आणि "जरा हिकडं सरका" म्हणाल्या. आप्पा फोटो काढत, लिव्हर ओढत, कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि गप्प होत. मला वाटलं, थकत असतील.

आणि एवढं करून रोल कोरा.

मी एक वाया गेलेला रोल मिळवला आणि मागचं झाकण उघडं ठेवून, लांब तोंड नीट गुंडाळून भरला. लिव्हर ओढली, फिल्म सरकली. तीस वेळा ओढली, तीस वेळा सरकली. खालची पट्टी उघडून गिअरचे दाते भिंगातून तपासले. तिथे काही नव्हतं. त्या नादात एक स्क्रू उडाला आणि तो शोधत मी पाऊण तास फरशीवर रांगले. पंप बिघडला तर निदान आवाज तरी करतो. हा शहाणा माझ्यासमोर बिनचूक चालायचा. त्याला भिंतीवर आपटावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. दौंडात स्टेशनजवळ एक म्हातारे घड्याळजी बसतात. त्यांनी कॅमेरा कानाला लावून दोनदा लिव्हर ओढली आणि परत दिला. "ह्यात काय बिघाड न्हाई, ताई." मी हात टेकले.

आप्पांना फोन केला तर तेही तेच. "सोड त्याचा नाद. कॅमेऱ्याला काय झालं न्हाई." मग वहिनीने फोन घेतला आणि हळूच सांगितलं की थेंबांची बाटली दोन महिने झाले तेवढीच भरलेली आहे. इकडे मी ह्यांच्या रोलपायी जीव काढतेय आणि तिकडे हे औषध घालत नाहीत. मी आप्पांना परत फोनवर बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "ठेवतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्लांटमध्ये एक कंत्राटी कामगार पंपाचे नट फडक्याने घासताना दिसला. आमच्याकडे नट आवळला की त्याच्यावरून खालच्या बॉडीपर्यंत तांबड्या पेंटची एक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. ह्याने चार नटांच्या रेघा साफ घालवल्या होत्या. निशाणी कोणी पुसतं का, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, "मैडम, गंदा लगा तो साफ कर दिया."

मला आप्पांचा कॅमेरा आठवला. मी खरवडला तो ठिपका कुंकवाचा नव्हता, पेंटचा होता. लिव्हर ओढल्यावर आत फिल्म सरकली तरच डावीकडचं ते बटन फिरतं. आखूड कापलेलं तोंड रिळातून निसटलं तर बटन जागचं हलत नाही, फोटोंचा आकडा मात्र पुढे जात राहतो. आप्पा एवढं आखूड कापू शकत होते ते त्या ठिपक्याच्या भरवशावर. ठिपका फिरला की रोल चालू. माझा सगळा दिवस तांबड्या निशाण्या मारण्यात जातो आणि त्यांची एक निशाणी मला ओळखता आली नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

शिफ्ट सुटल्यावर पेंटचा मार्कर खिशात टाकला, घरून कॅमेरा घेतला आणि तशीच न्हावऱ्याला निघाले. चौफुल्याला वळल्यापासून भीमेच्या पुलापर्यंत मी माफीची वाक्यं जुळवत होते. माफी रोलची मागायची होती.

आप्पा पडवीत खुर्चीवर बसले होते. कॅमेरा त्यांच्या हातात देऊन मी विचारलं, "आप्पा, ह्या बटनावर तांबडा ठिपका होता ना?"

"व्हता म्हंजी? हाय की," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई, एवढंच."

मी तिथेच खाली बसले.

"पैल्याच फोटूला दिसंना," ते सांगू लागले. "पार डोळ्याम्होरं धरलं तरी न्हाई. म्हटलं, माणसं दिसत्यात अजून, पर बारीक गेलं. ह्यो डोळाबी चालला. पर माणसं नटून हुबी व्हती, त्यास्नी काय सांगायचं? काढत ऱ्हायलो. मग जाणाऱ्या डोळ्यात थेंब तरी कशाला घालायचं?"

रोल गेला चुलीत. ह्या माणसाने दोन महिने औषध घातलं नव्हतं आणि ते माझ्या साफसफाईपायी.

"मी पुसला तो," मी म्हणाले. "कुंकू समजून. तुमचा डोळा नाही गेला आप्पा, तिथे ठिपकाच नाहीये."

त्यांनी बटनावरून अंगठा फिरवला. मग परत एकदा फिरवला. मी मार्कर काढला आणि तिथे ठिपका दिला. घाईत तो चांगलाच फासला गेला. आप्पांनी कॅमेरा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"लई मोठा काढलास," ते म्हणाले.

दोन महिन्यांत किती नजर गेली ते तपासल्यावरच कळणार होतं. आप्पांनी कॅमेरा मांडीवर ठेवला, मान मागे टाकली आणि डाव्या डोळ्याची पापणी बोटाने वर धरली. मी बाटली आणायला आत गेले.