चौदा मास्तरांचे पासवर्ड

माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं कधी पटलं नाही. ती तोंडाने फटकळ, आणि उपकार करायची तोही अंगावर फेकल्यासारखा. विद्यापीठात जिन्याखालच्या खोलीत ती कामाला होती, दर वर्षी नव्या कंत्राटावर. कारखाना बंद पडल्यापासून दीर घरीच होते. घर आपल्यावर चालतं, हे ती जेवायला बसल्यावर न चुकता ऐकवायची.

प्राध्यापकांना आपले धडे संगणकावर कसे चढवायचे, विद्यार्थ्यांसाठी चाचण्या कशा लावायच्या, हे शिकवायला तिला ठेवलं होतं. पण शिकायचं कोणाला होतं? 'आमच्या हातून बिघडेल हो' असं म्हणत एकेकाने आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तिच्या टेबलावर टाकला आणि हात मोकळे केले. मग ती त्यांच्या नावाने आत शिरून त्यांचं काम उरकायची. असे चौदा जण. हे नियमाबाहेरचं आहे, हे तिलाही ठाऊक होतं. पण नाही म्हटलं की तक्रार, आणि तक्रार झाली की कंत्राटावर पाणी.

इतिहासाचे वयस्कर प्राध्यापक त्यातले सगळ्यांत तोऱ्याचे. घरी ती त्यांना 'आजोबा' म्हणायची, प्रेमाने नव्हे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आजोबांना प्रश्न एकदा बघून घ्यायची हुक्की आली. घरून स्वतःच आत शिरले आणि नको त्या चौकटीवर बोट ठेवून बसले. उत्तरं सगळ्यांना दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी एकशे दहा मुलांना पैकीच्या पैकी.

आजोबांनी कानांवर हात ठेवले. आपण त्या यंत्राला शिवतही नाही, कोणालाही विचारा, म्हणाले. कोणालाही विचारलं असतं तरी तेच कळलं असतं. नोंदीत नाव त्यांचं, पण त्या नावाने रोज कोण शिरतं हे अख्ख्या इमारतीला माहीत. त्या संध्याकाळी ती गच्चीवर कपडे वाळवायच्या दोरीच्या जागेवरून माझ्याशी भांडत होती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. मला विचारतो कोण?

विभागप्रमुखांनी तिला माफीनामा आणायला सांगितला. आणला तर प्रकरण मिटेल, नाही तर पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. दीर म्हणाले, दे लिहून, तुझं काय जातंय.

"माझंच जातंय," ती म्हणाली. "उद्या दुसरं काही बिघडलं की हाच कागद बाहेर काढतील."

तिने कागद नेला, पण त्यावर माफी नव्हती. कोणत्या प्राध्यापकाच्या नावाने ती केव्हापासून आत शिरते, त्याची चौदा ओळींची यादी होती. तिसरी ओळ खुद्द प्रमुखांची.

"बाई, माझं नाव काढा यातून."

"काढते. पण मग बाकीचे तेरा विचारतील, साहेबांचं का नाही."

परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. दोष 'तांत्रिक बिघाडा'वर ढकलला गेला. कंत्राट मिळालं, पण सहाच महिन्यांचं, आणि त्यात एक नवी अट: दुसऱ्याच्या नावाने काम करू नये. तिने त्या अटीच्या चौदा प्रती काढून दारोदार वाटल्या.

आता प्राध्यापक स्वतः येतात, तोंड वाकडं करून स्टुलावर बसतात. एक चाचणी लावायला आजोबांना अडीच तास लागले. ही मागे हाताची घडी घालून उभी. कुठे दाबायचं ते तोंडाने सांगत होती, माउसला बोट लावलं नाही. तिच्याशी चहाला आता कोणी बसत नाही. सहा महिन्यांनी तिच्यासाठी कोणी शब्द टाकणार नाही, हे तिला कळून चुकलंय. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून ती फोनवर नोकरीच्या जाहिराती वाचते. काल मी पेपरातली एक कापून तिच्यापुढे ठेवली, तर म्हणाली, "ही मी परवाच पाहिली."