पाण्याच्या दिवसांतला स्वेटर

पुष्पाबाईंच्या दारातून कोणी रिकाम्या हातानं गेलं, असं अर्जुनी मोरगावच्या त्या भागात सांगणारा माणूस मिळायचा नाही. सिलिंडरवाल्याकडून वरचे सुटे परत घ्यायचे नाहीत, लाईनमन खांबावरून उतरला की त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवायची. नवरा गोंदियाच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात पडून होता, तेव्हाही वॉर्डातल्या आयांच्या मुठीत त्या रोज काहीतरी सरकवत. आणि देताना वाक्य ठरलेलं, “लक्ष ठेवजो, भाऊ.” आया असली तर, “लक्ष ठेवजो, बाई.”

“आई, तू लोकायच्या सवयी बिघडवून राहिली,” असं मुलगा हिमांशू म्हणायचा. त्या हसायच्या. “देल्यानं हात झिजते काय?”

आता हे सगळं निव्वळ औदार्यच होतं, असंही नाही. देणाऱ्याचं काम आधी होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. फक्त स्वतःशी त्या ते बोलत नव्हत्या.

गावात एकाच माणसाला काही द्यायचं नसे, ते म्हणजे पाणकराला. तलावाचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाळीपाळीनं सोडणारा हा माणूस. धान घरात आलं की प्रत्येक घरातून त्याचा वाटा ठरलेला. पण पाणी चालू आहे तोवर त्याला कोणी घोटभर चहाही पाजायचा नाही. चहा पाजला की पाणी त्या घराकडं वळतं, असं जुने लोक समजून होते. पुष्पाबाईंच्या सासरच्यांनीच कधीकाळी तो तलाव बांधायला माणसं उभी केली होती, म्हणजे नियम त्यांना कोणी नव्यानं शिकवायला नको होता.

पाणकर होता श्यामलाल. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. वाटेत कोणी तंबाखू पुढं केला तरी हात जोडून निघून जायचा. स्वतःची जमीन नावापुरती, वर्षाचं खाणं त्या वाट्यावरच.

त्या साली पाऊस लवकर आटोपला आणि तलाव अर्धाच राहिला. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, दाणा भरायला एक शेवटचं पाणी हवं होतं. अशा एका गार सकाळी श्यामलाल खांद्यावर फावडं घेऊन पाटावरून चालला होता, अंगात नुसती बनियन, वर दुपट्टा. दात वाजत होते. बाईंना राहवलं नाही. पेटीतून नवऱ्याचा लोकरीचा स्वेटर काढून त्या मागून धावल्या.

श्यामलाल दोन पावलं मागं सरला. “पान्याचे दिवस आहेत, वहिनी. नाही घेत जी.”

“थंडीले काय पान्याचे दिवस समजते? घाल गुमान.”

त्यांनी स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला आणि सवयीनं म्हणून गेल्या, “आमच्या बांधीकडे लक्ष ठेवजो, भाऊ.” वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. परत घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

बाईंची पाण्याची पाळी येऊन गेली. दुसऱ्या सकाळी त्या बांधीवर गेल्या, तर पाणी अजून त्यांच्याकडंच येत होतं, धुऱ्याच्या बांधावरून सांडत होतं. खरं तर ते एव्हाना शेवटच्या टोकाला, रुख्माच्या बांधीत वळायला हवं होतं. पायानं चिखल सारून बांधीचं तोंड बुजवायला कितीसा वेळ लागला असता? पण ‘मानूस आठवन ठेवते’ एवढंच त्यांच्या मनात आलं, जरा बरंही वाटलं, आणि त्या घरी येऊन चहाला बसल्या. दुपारी तलाव तळाला गेला. रुख्माच्या बांधीची माती नुसती ओली झाली.

भरलेलं धान वाकतं. रुख्माचं ताठ उभं राहिलं. ती लोंबी चोळून तळहातावर फुंकायची आणि हातात काही उरायचं नाही. हे पुष्पाबाईंनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना.

कापणीआधी सभा बसली. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष उमराव यांनी विचारलं तेव्हा श्यामलाल मान खाली घालून म्हणाला, “डोळा लागला जी. पाटावर बसलो अना झोप लागली.”

माणूस थकत चालला होता, सगळ्यांना दिसत होतं. उमरावांनी त्याचा अर्धा वाटा रुख्माला द्यायचा ठरवलं. काम त्याच्याकडंच राहणार होतं. रुख्माही म्हणाली, “झोप कोनाले लागत नाही?”

तिथं ते मिटलं होतं. पण बाईंच्या जिवाला ते सोसेना. आपल्यामुळं एका गरिबाचा अर्धा वाटा जाणार, आणि तो आपलं नावही घेत नाही. त्या उभ्या राहिल्या.

“झोप नाही लागली त्याले. मी स्वेटर देल्ला होता. लक्ष ठेवजो म्हनलं होतं. चूक माही आहे. रुख्माचं धान माह्या घरून जाईल.”

मग उमराव नरमाईनं म्हणाले, “तुमची कायची चूक, वहिनी? तुमचा हात सढळ, साऱ्या गावाले मालूम आहे.” आणि श्यामलालकडं वळताना त्यांचा आवाज बदलला. “तू घेतला काऊन?”

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे पानी इकलं यानं.”

पुढं फार वेळ लागला नाही. काम गावातल्याच धर्मेंद्रकडं गेलं, श्यामलालचा उरलेला वाटाही गेला. बायका पुष्पाबाईंजवळ येऊन, कबूल कराले मोठं मन लागते, म्हणत होत्या. बाईंना ते ऐकवेना.

त्यांनी त्याला तलावाच्या काठच्या पाळीवर गाठलं. “श्यामलालभाऊ, मी तुले वाचवाले उभी राहिली होती.”

“मालूम आहे जी.” आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. “झोप लागली म्हनलो होतो, वहिनी. झोपेले माफी होती.”

बाईंचा हात पदराच्या गाठीकडं गेला. नोट बोटांत आली तेव्हा कुठं त्यांचं त्यांना कळलं.

श्यामलालनं नोटेकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

“आता कायले, वहिनी? पानी तं आता माह्याकडे नाही.”