कवटीछाप पाणी

कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या, म्हणून त्यांना सगळे बाटलीमामा म्हणत. अगदी प्राचार्यसुद्धा. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं टपोरं की प्राध्यापकांनी आपली वही मिटून ठेवावी. लेबल नसलेली बाटली टेबलावर दिसली की मामांचं डोकं उठे. घरी मिठासाखरेच्या डब्यांवरही तारखा होत्या. बायको म्हणे, एक दिवस माझ्या कपाळावरही चिकटवाल.

त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर वसतिगृहात जुलाब-उलट्यांची साथ आली. आठवड्यात चाळीस मुलं आडवी झाली. दोष निघाला मैदानाकडच्या जुन्या नळाचा. तो साफ बंद करावा, तर संडास कशानं धुवायचे? मग प्राचार्यांनी कंबर कसली. खाणावळीतलं कच्चं खाणं बंद, वर्ग झाडाखाली, हात धुवायला औषध घातलेली वेगळी टाकी. तिच्यापाशी गणिताचे सर साबण घेऊन उभे. वीस आकडे होईपर्यंत हात चोळायचे. सतरावर कोणी सटकलं की पुन्हा एकपासून.

आणि एक अट. शुक्रवारपर्यंत नवा रुग्ण निघाला नाही तर परीक्षा होणार. एक जरी निघाला तरी वसतिगृह रिकामं, परीक्षा थेट पुढच्या वर्षी.

मामांची लेक याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. घरातून पदवीच्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच.

पिण्याच्या पाण्याचं काम प्राचार्यांनी मामांवर सोपवलं, कारण घड्याळ लावून उकळणारा माणूस तोच एक. मामांनी आधीच बजावलं की रसायनशाळेतलं एकही भांडं यात वापरायचं नाही. खाणावळीतली पातेली घेतली, साठ कोऱ्या बाटल्या आणवल्या. मंगळवारी सकाळी खाणावळीच्या मावशींना जुन्या प्राचार्यांच्या केसांच्या टोपाचा किस्सा सांगता सांगता पाणी उकळलं, गार केलं, बाटल्या भरल्या, लेबलं लावली. वर टपोऱ्या अक्षरात तारीख, वेळ, 'उकळलेले'. मामा स्वतःवर खूश.

दुपारी येऊन बघतात तर साठच्या साठ बाटल्या तशाच. मुलं तहानेनं व्याकूळ, आणि दोघं जुन्या नळाला तोंड लावायच्या बेतात. मामा धावले. एकाला मागे खेचलं, दुसऱ्याचा घोट घशाखाली गेला होता.

"इतकं पाणी समोर असताना इकडे कशाला मरायला येता?" मामा कडाडले.

उत्तर लेकीनं दिलं. "बाबा, जरा लेबल बघा."

मामांनी बघितलं. 'उकळलेले' या शब्दाच्या डोक्यावर लाल कवटी, दोन हाडं, आणि छापील अक्षरात 'विष'. एकतीस वर्षांची सवय. हात खणातल्या लेबलांच्या नेहमीच्याच गठ्ठ्याकडे गेला होता.

मामा बाकावर चढले, एक बाटली उघडली आणि गटागटा रिकामी केली. सगळं मैदान श्वास रोखून बघत होतं. तेवढ्यात मामांना उचकी लागली. पहिली रांग दोन पावलं मागे सरकली.

लेक मात्र पुढे आली, दुसरी बाटली तोंडाला लावली. "घरीही आम्हाला असंच देतात," ती म्हणाली. मैदान हसून लोटपोट झालं आणि रांग लागली.

मामांनी साठही लेबलं सोलून काढली आणि जुन्या नळावर डकवली. तोटीपासून खांबापर्यंत कवट्याच कवट्या. पुन्हा कोणी तिकडे फिरकलं नाही.

राहिला तो एक घोट. मामांनी त्या पोराचा पिच्छाच पुरवला. दर तासाला विचारायचे, पोट कसं आहे? बुधवारी तो नीट उत्तर देई. गुरुवारी मामा दिसले की खांबाआड लपे. शुक्रवारी स्वतःच ओरडत आला, "मामा, पोट ठणठणीत आहे, आता तरी सोडा!" मामांनी त्याला असं मिठीत घेतलं की बिचाऱ्याच्या बरगड्याच दुखल्या.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी लेक गुणपत्रक घेऊन घरी आली. मामांनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि सवयीनं लेबलासाठी खणाकडे हात नेला.

बायकोनं मनगट धरलं. "आधी गठ्ठा दाखवा," ती म्हणाली.