झेंडूचे हार आणि दोन सूक्ष्मदर्शके

खंडेनवमीला घरात हत्यारे पुजायला मांडली, की अमरावतीची ती चोरी मला अजून जशीच्या तशी आठवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते आणि मी शहर ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका कॉलेजात विज्ञानाचा नवा वर्ग निघाला होता, पण विद्यापीठाची मान्यता अजून तात्पुरतीच होती. दसऱ्यानंतर समिती येऊन प्रयोगशाळा तपासणार, मगच ती कायम होणार. ऐन वेळी कपाटातून दोन्ही सूक्ष्मदर्शके गेली. प्राचार्य घाम पुसतच ठाण्यात आले.

"उपकरणे नसली तर मान्यता नाही, आणि मान्यता नसली तर मुलांना परीक्षेला बसता येणार नाही. त्यांचे शिकणे पाण्यात जाईल हो."

कुलूप शाबूत होते, म्हणजे काम माहीतगाराचे. पंचनामा झाला, शिपायांचे जबाब झाले, पण हाती काही लागेना.

नवमीला ठाण्यात बंदुका मांडून पूजा व्हायची. हार घालणारी माळीणबाई उशिरा आली, तीही कमी हार घेऊन. मी आवाज चढवला.

"मी काय करू साहेब? घड्याळजीच्या मायनं ऐन वक्ती दोन जास्त घेतले. पितळेच्या उभ्या नळ्या हायेत त्याच्या घरी, त्याइलेबी हार घातले."

हा घड्याळजी कॉलेजची उपकरणे दुरुस्त करायला जायचा. मी पंचांना घेऊन तडक त्याचे घर गाठले. पाटावर पकडी, हातोड्या, आणि मधोमध हळदकुंकू लावलेली दोन्ही सूक्ष्मदर्शके.

"माह्या धंद्याचं सामान हाय," तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या आईला विचारले, "माय, हे तो रोज वापरतो?"

"कुठचं रोज? संदुकीत गुंडाळून ठेवलं होतं. आजच्या दिशी हत्यार बिनपूजेचं ठेवावं का? मीच काढलं."

घड्याळजीची मान खाली गेली. "मायले कसं सांगू साहेब, का हे आपलं नोहे?" मग त्याने बनावट किल्लीही काढून दिली.

कोर्टाच्या परवानगीने मुद्देमाल वेळेवर कॉलेजात पोहोचला. समिती आली, मान्यता मिळाली, आणि प्राचार्यांनी ठाण्यात पेढे वाटले.

पुढे अकोल्यात विषप्रयोगाच्या एका खटल्यात माझी सारी भिस्त रसायन तपासणाऱ्या एका तरुण सरकारी अधिकाऱ्यावर होती. आरोपीच्या वकिलाने त्याला खोचकपणे शिक्षण विचारले. त्याने शांतपणे पदवी सांगितली, त्याच कॉलेजचे नाव सांगितले. वकील खाली बसला. चोरीच्या मालाची खरी किंमत पंचनाम्यात मावत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

बाहेर आल्यावर मी त्या अधिकाऱ्याला चोरीची ती हकीकत सांगितली. तो हसला.

"ठाऊक हाय, साहेब. एका सूक्ष्मदर्शकाच्या पेचात कुंकू अडकलं होतं. परीक्षेपर्यंत आमी ते काढलंच नाही."