तुरीच्या बांधावरून विमान

यवतमाळ जिल्ह्याच्या आभाळात काय चाललंय हे माझ्या वहिनींइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि यात मी घारींनाही धरतो. आर्णीच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानात दोन मशिनी, एक आरसा, भिंतीला टांगलेले अर्धवट ब्लाउज, आणि त्या ब्लाउजांच्या मधोमध फ्रेम केलेली चौदा विमानं. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ब्लाउज पाहतं, मग विमानं पाहतं आणि मग बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून येतं. वहिनी माप घेत असतात तेव्हा डोक्यावरून, खूप उंचावरून, एखादी बारीक घरघर जाते. तुम्हाला-मला ती ऐकूही येत नाही. वहिनींचा हात मात्र टेपवरच थांबतो. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप तसाच ठेवून त्या दाराशी जातात, वर पाहतात, मोबाईलमध्ये पाहतात आणि सांगतात, "हैदराबादवरून दिल्लीले जाऊन राह्यलं. छत्तीस हजार फुटांवर आहे." मग परत येऊन वहीत छत्तीस लिहितात. त्या मापाचा ब्लाउज ज्या बाईंना अंगात दोनदा गुंडाळावा लागला, त्या अजून आमच्याशी बोलत नाहीत.

हा छंद त्यांना पंचेचाळिशीनंतर लागला. नागपूरला अस्तर आणि लेस आणायला गेल्या होत्या. परत येताना वर्धा रोडवर बस थांबली आणि एक विमान बसच्या टपावरून अगदी हात लावता येईल असं खाली गेलं. वहिनी पिशव्यांसकट बसमधून उतरल्या. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, पुढच्या सीटवर डुलकी काढत होता. तो थेट बुटीबोरीला जागा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बायको नाही. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही जा घरी. मी अजून दोन पाहून येतो." त्यानंतर त्यांनी आर्णीतल्याच एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स घेतली. लेन्सला टोपी शिवली काळ्या परकराच्या कापडाची आणि कॅमेऱ्याला पिशवी शिवली दादाच्या पँटची. ती पँट तोवर दादा वापरत होता.

विमान पाहायला कोणीही जातं, पण जागा शोधणं ही वहिनींची खरी विद्या. नागपूरला त्या विमानतळाच्या दारात कधी गेल्या नाहीत. "दारातून माणसं दिसतात, विमान नाही दिसत," असं त्यांचं मत. त्या भोवतालच्या वस्त्यांमधून हिंडत. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून आज कोणत्या बाजूनं उतरणार हे त्या लोकांच्या वाळत घातलेल्या साड्यांवरून ठरवत. ऊन पाठीशी हवं, मध्ये विजेची तार नको, आणि उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत फोटो व्हायला हवा, कारण त्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा हलायला लागते आणि विमान फोटोत ओल्या धोतरासारखं पिळलेलं येतं. हे सगळं जमलं तरी शेवटची अट राहायचीच. "भाऊजी, जिथं जवळपास एखादी घरातली बाई नाही, ती जागा चांगली नाही. पाणी कोण देईल, अन् आत कोण जाऊ देईल?" त्यामुळे त्यांचे फोटो नेहमी कुणाच्या तरी गच्चीवरून काढलेले असत, आणि त्या गच्चीच्या मालकिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्हाला आमंत्रण असे.

एकदा रस्त्याकडेला एका पोलिसानं हटकलं. एवढी मोठी लेन्स, भिंतीपलीकडे विमानतळ, आणि छत्री धरून उभा असलेला दादा! संशय यावा असंच ते दृश्य होतं. "काय चाललंय बाई?" असं त्यानं दरडावून विचारलं. वहिनींनी त्याला सांगायला सुरुवात केली. पंख कसा कापलेला असतो, शेपटीची शिवण कुठं असते, कोणत्या विमानाचं पोट ढिलं आहे आणि कोणतं अंगात नीट बसलं आहे. वीस मिनिटांनी तो पोलीस पाणी पीत उभा होता आणि पुण्याचं विमान किती वाजता येतं ते विचारत होता, कारण त्याची मेव्हणी त्या विमानानं येणार होती. "तुमची साळी उशिरा येईल," वहिनी मोबाईल बघून म्हणाल्या, "तोवर सावलीत बसा."

पण त्यांचा जीव खरा गुंतला तो आपल्या यवतमाळच्या धावपट्टीत. तिथं रोजचं विमान नाही. कधी कुणा पाहुण्याचं हेलिकॉप्टर, कधी पंख्याचं एखादं लहान विमान. "नागपूरले काय, कोणालेही विमान भेटते," त्या म्हणत, "इथं भेटलं तर खरं." तिथली जागा शोधायला त्यांना दोन वर्षं लागली. शेवटी गजाभाऊंचं शेत सापडलं. बांधावर निंबाचं झाड, पाठीशी ऊन, समोर पूर्ण पट्टी, आणि घरात गजाभाऊंची बायको सुमनबाई. अडचण एकच होती, तुरीची. गजाभाऊ सोयाबीनमध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी, टाकत. सोयाबीन गुडघ्याएवढं आणि दसऱ्याला मोकळं. तूर मात्र डोक्याच्या वर जाते आणि पार संक्रांतीपर्यंत उभी असते.

"वयनी, तुमच्या इमानासाठी मी तूर लावू नको काय?" गजाभाऊंनी विचारलं.

"लावा ना. पण तिकडच्या बांधाले लावा. इकडे सोयाबीनच ठेवा."

"सोयाबीन काय इमानाले पाहून येते?"

"सोयाबीन मले पाहू देते," वहिनी म्हणाल्या आणि सुमनबाईंचं माप घ्यायला आत गेल्या. त्या वर्षी त्या बाजूला तूर पडली नाही, पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी मात्र आदल्या हंगामात सोयाबीन पिवळं पडून गेल्याचा हिशेब गजाभाऊंच्या मनात ताजा होता. त्यांनी काही न सांगता सगळ्या शेतात तूर केली. वहिनी ऑगस्टमध्ये बांधावर गेल्या, तुरीकडे पाहिलं, गजाभाऊंकडे पाहिलं आणि चहा न घेता परत आल्या. पुढचे तीन महिने त्या धावपट्टीचं नाव काढेनात.

डिसेंबरात एका सकाळी धावपट्टीजवळच्या चहावाल्याचा फोन आला. "वयनी, जेट येऊन राह्यलं आज. पेशंट न्यायले. बरोबर दहाले." जिल्ह्यात जेट! वहिनींनी नवरीचा ब्लाउज मशीनमध्ये तसाच सोडला. मी त्या दिवशी आर्णीतच होतो, म्हणून गाडी मी चालवली. दादा मागे छत्री घेऊन बसला. वाटेत वहिनी एकदाच बोलल्या, "तूर आडवी येईल."

गजाभाऊ बांधावरच उभे होते. त्यांना कसं कळलं कोण जाणे. भांडणाचा विषय कुणीच काढला नाही. ते नुसते म्हणाले, "मचाणावर चढा वयनी. डुकरांसाठी बांधलं हाय, पण वरून सारं दिसते." साठीच्या वहिनी साडी खोचून त्या मचाणावर अशा चढल्या की खालून हात द्यायला उभा असलेला दादा उगाचच हात पुढे करून राहिला. मागोमाग मी चढलो. खाली पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर आणि तिच्यापलीकडे धुतल्यासारखी स्वच्छ पट्टी. वहिनींनी फोकस पाहायला कॅमेरा डोळ्याला लावला.

पट्टीच्या टोकाला एक रुग्णवाहिका येऊन थांबली होती आणि तिच्यातून काहीतरी उतरवत होते. माझ्या डोळ्यांना ती काडेपेटीएवढी दिसत होती. वहिनींना लेन्समधून सगळं जवळ दिसत होतं. त्या बराच वेळ तशाच पाहत राहिल्या. पश्चिमेकडून आवाज आला. लहान, पांढरंशुभ्र, टोकदार नाकाचं विमान उन्हात चमकत खाली आलं, चाकांखाली धुराची एक चिमूट उडाली आणि ते सरळ आमच्या समोरून धावत गेलं. पाठीशी ऊन, समोर काही आडवं नाही. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो समोरून चालला होता, आणि मला बटणाचा आवाज ऐकू येईना.

"वहिनी, काढा!" मी म्हणालो.

त्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता. स्ट्रेचर चढवलं, दार लागलं, विमान वळलं, धावलं, उठलं. वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत पाहत होत्या. खाली उतरल्यावर दादानं विचारलं, "काढला काय?" त्या "नाही" म्हणाल्या आणि सुमनबाईंनी आणलेला चहा प्यायल्या. का नाही काढला, हे विचारायची आम्हा दोघांची हिंमत झाली नाही.

होळीच्या सुमारास मी दुकानात बसलो असताना एक गृहस्थ आले. सत्तरीचे, हातात काठी, एक पाय किंचित ओढत. महागावला त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. बोलताना शब्द सावकाश यायचे, पण पक्के यायचे. "विमानाचे फोटो काढणाऱ्या बाई तुम्हीच काय?"

"हाव. बसा ना."

"डिसेंबरात थे जेट आलतं, त्याच्यात मी होतो." ते स्टुलावर बसले. "मेंदूत गाठ झालती. मुंबईले नेलं. आता ठीक आहे. पण आयुष्यात एकदाच विमानात बसलो बाप्पा, अन् मले काहीच आठवत नाही! घरचे म्हनतात तुम्ही विमानानं गेलते. घरचे तर दवाखान्यात मी बरा दिसतो असंही म्हनत होते. गावात लोक मस्करी करतात, की बाबूजी विमानात घोरत गेले. चहावाला बोलला, आर्णीच्या बाई एकही विमान सोडत नाहीत. फोटो द्या मले एक. मी पाहीन तरी."

वहिनींनी हातातली सुई उशीला टोचली.

"मी काढलाच नाही," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"तुम्हाले गाडीतून काढलं तवा तुमच्या मालकीनबाईच्या हातात तुमच्या चपला होत्या. स्ट्रेचरच्या मागं त्या चपला घेऊन धावून राह्यल्या होत्या, की उतरल्यावर लागतील म्हनून. लेन्समधून मले त्यांचं तोंड दिसत होतं. माह्यानं बटन दाबवलं नाही." मग म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

चपलांची गोष्ट म्हातारबाबांना कुणी सांगितली नसावी. काठीच्या मुठीवर हात फिरवत ते पायाकडे पाहत बसले. वहिनी उठल्या, मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाल्या, "चला. फोटो नाही, पण मी सारं पाह्यलं आहे. भाऊजी, गाडी काढा. यांनाही उठवा." 'यांना' म्हणजे दादाला, जो आत निजला होता.

गजाभाऊंच्या शेतात तूर निघून नुसते खुंट उरले होते. मचाणावर चढणं त्या माणसाला शक्य नव्हतं, म्हणून सुमनबाईंनी घरातली खुर्ची आणून निंबाच्या सावलीत ठेवली. म्हातारबाबा बसले आणि डोळे मिटून घेतले. वहिनी त्यांच्यासमोर पट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. विमान कुठून आलं, उन्हात कसं चमकलं, चाकं टेकली तेव्हा धूर कसा झाला. दोन माणसांनी त्यांना कसं अलगद उचललं, पांघरूण कोणत्या रंगाचं होतं. "अन् मंग पळालं. या इथून, असं. तुम्ही उजव्या अंगाले होते, खिडकीपाशी. मंग उठलं, अन् तूर सारी हलली खाली." बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात पसरले होते. फूट आणि वेग सांगणाऱ्या बाईला एवढं सगळं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

"अन् वळलं कुठं?" म्हातारबाबांनी डोळे न उघडता विचारलं. "माह्यं दुकान... म्हणजे महागाववरून गेलं असंल काय? पन्नास वर्षं दुकानाच्या पायरीवरून वर पाहून राह्यलो मी."

मी तिथंच होतो. ते विमान दारव्ह्याच्या अंगाला सरळ पश्चिमेकडे गेलं होतं. महागाव तिथून पार दक्षिणेला. दिशेच्या एका बोटाच्या फरकावरून माझ्याशी दोन दिवस वाद घातलेल्या वहिनी क्षणभर पट्टीकडे पाहत राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "महागाववरूनच गेलं. थोडं खालून गेलं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी गजाभाऊंकडे पाहिलं. गजाभाऊ खाली वाकून तुरीचा एक खुंट उपटू लागले.

"म्हणजे खरंच गेलतो मी," म्हातारबाबा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले, खुर्ची थोडी फिरवायला लावली आणि दक्षिणेकडे पाहत बराच वेळ बसून राहिले. तिकडे काहीच नव्हतं, नुसतं उन्हानं पांढरं झालेलं आभाळ होतं. वहिनीही त्यांच्या शेजारी बांधावर बसल्या आणि तिकडेच पाहू लागल्या.