हार सर्टिफिकेटला

"तू बाहेरच थांब. आत गर्दी नको," मॅनेजरसाहेब म्हणाले.

आत गुरुजी होते, साहेब स्वतः होते, अकाउंट्सची सगळी मंडळी होती. त्या खोलीकडे एरवी कधी न फिरकणारा कँटीनचा कंत्राटदारही हात जोडून उभा होता. गर्दी माझ्या एकट्याने होणार होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीतला केमिकलचा कारखाना आणि खंडेनवमीचा दिवस. पंपांना, बॉयलरला हळदकुंकू लागलं आणि मग पूजा कॉम्प्युटर रूममध्ये आली. काचेची, एसीची खोली. आत सर्व्हर. कारखानाभर त्याची केबल मी ओढली होती. एक जोड सैल झाला की सगळी लाइन बसायची, आणि मी टेबलांखाली रांगत तो जोड शोधायचो. टेबलाखाली जाताना मला कुणी अडवलं नव्हतं.

आता मी काचेबाहेर होतो, चपलांच्या रांगेशेजारी. 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटीही माझीच. धुळीने मशीन बिघडतं म्हणून लावलेली.

गुरुजींनी सर्व्हरला कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला, तो घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हार भिंतीवरच्या फ्रेमला अडकवला. सगळ्यांनी नमस्कार केला.

फ्रेममध्ये माझं सर्टिफिकेट होतं.

नेटवर्क सांभाळण्याची परीक्षा. प्रश्न अमेरिकेतून यायचे. तयारी उल्हासनगरला, एका साड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर केली. क्लासवाला सिंधी होता. मी विचारलं होतं, "सर, मराठी मीडियमवाल्याला जमेल का?" तो म्हणाला, "साईं, मशीन पूछती है क्या किसका बेटा है? पढ़, और जा के दे दे." मशीनबद्दल तो बरोबर होता.

पास झालो. परदेशी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती, त्यांना सर्टिफाइड माणूस दाखवायचा होता. म्हणून साहेबांनी हौसेने फ्रेम करवली. पाहुणे आले तेव्हा फ्रेमकडे बोट दाखवलं. मला स्टोअरमध्ये पाठवलं होतं.

आणि काचेबाहेर उभ्या उभ्या मला आणखी एक आठवलं. मागच्या खंडेनवमीला मला ऐन पूजेच्या वेळी उल्हासनगरला कनेक्टर आणायला धाडलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी पेढे आणायला. दोन्ही वेळा मी धावत गेलो होतो. कामाचा माणूस आहे म्हणून पाठवतात, असं बुवापाड्यात घरी सांगितलंही होतं. ऐकून आई भाकरी थापत राहिली होती. काडेपेटीच्या कारखान्यात तिचा जन्म गेला, योगायोग कसे जुळवले जातात हे तिला ठाऊक होतं.

या वर्षी आणायला काही नव्हतं. एवढंच.

आतून अकाउंट्सच्या बाईंचा आवाज आला. "अहो, त्याला घ्या की आत. त्याचंच तर काम आहे हे."

"त्याला काही वाटत नाही हो," साहेब हसत म्हणाले. "जयभीमवाले ते. देवबीव मानत नाहीत."

खरं होतं. मी मानत नव्हतो. पण मी देव मागितला नव्हता, प्रसादही नाही. ती माझी खोली होती. माझ्या नास्तिकपणाचा यांना एवढा उपयोग असेल, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

पूजा संपली. साहेबांनी दार उघडलं.

"हं, ये आता. बॅकअप लावून टाक."

मी बुटांसकट आत गेलो.

"अरे, अरे! बूट!"

"पाटी धुळीसाठी लावली होती साहेब. तुम्ही ती दुसऱ्याच कामाला लावलीत."

फ्रेम भिंतीवरून उतरवली. कुणी हललं नाही. फक्त गुरुजींनी धोतर सावरलं.

"ती फ्रेम कंपनीची आहे," साहेब म्हणाले. एवढ्यातही त्यांना मालमत्तेचं भान होतं.

"हो ना."

मागच्या खिट्ट्या फिरवून मी कागद काढून घेतला. रिकामी फ्रेम परत खिळ्याला लावली. हार नीट केला. आमच्या वस्तीत हार घातलेल्या फ्रेममधलं माणूस मेलेलं असतं. मी अजून जिवंत होतो. त्यांनी रिकाम्या काचेची पूजा चालू ठेवायला माझी हरकत नव्हती.

पासवर्ड साहेबांना त्यांच्यादेखत बदलून दिला. जाताना मी काही बिघडवून ठेवीन, असं त्यांना वाटत होतं. मी काही बिघडवलं नाही. बिघडलेलं होतं ते माझ्या हातात नव्हतं.

"एवढ्याशा गोष्टीवरून नोकरी सोडतोस?"

"तुम्हीही एवढ्याशाच गोष्टीवरून दार लावलंत."

पुढे ते सर्टिफिकेट शिळं झालं. आमच्या धंद्यात तसंच असतं. नवी आवृत्ती आली की जुनी परीक्षा बाद. मी नव्या दिल्या, पुन्हा पुन्हा दिल्या. जातीची आवृत्ती तेवढी बाद होत नाही. ती प्रत्येक नव्या मशीनवर चालते.

म्हणून मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणाले, की मी पगार विचारत नाही. विचारतो, "खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करता का? त्या वेळी मी कुठे उभा असेन?"

काही जण हसतात. काही जण एकमेकांकडे बघतात. जे एकमेकांकडे बघतात, त्यांच्यासमोरून मी फाइल उचलतो. सणाला बंद होणारं दार मी रोजच्या दिवशी उघडत नाही.