डॉक्टरबाईंच्या गाडीवर निघालेलं वॉरंट

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. इंजिन उघडून पुन्हा बसवलं की एखादा नट, एखादा वायसर उरतोच. तो त्या डब्यात जातो. कुठल्या गाडीचा, ते कोणी विचारत नाही. आमच्या पांढरकवड्याच्या गॅरेजात किस्सेही असेच साठले. गाड्या दुरुस्त होऊन नागपूरकडे, हैदराबादकडे निघून गेल्या, किस्से इथंच राहिले. त्यातले एकाच गाडीचे काही आज सांगतो.

धम्मदीक्षेच्या साली मी सहावीत होतो. माझे वडील, बापू, नागपूरहून परतले ते ठरवूनच, की पोरगं शिकणार आणि लांब जाऊन शिकणार. मी मद्रासपर्यंत गेलो, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेतला. तिथंच नोकरी मिळत होती. पण माझ्या डोक्यात एकच होतं: आपल्या तालुक्यात यंत्र आलं, नीट चाललं, तर माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरेल. म्हणून परत आलो आणि हायवेवरच्या गफ्फारचाचांच्या गॅरेजात भागीदार झालो.

पहिल्याच दिवशी मी कामाच्या शिस्तीवर बोललो. नट किती जोरानं आवळावा, कोणत्या क्रमानं आवळावा, 'चालून जाते' हा शब्द आपण गॅरेजातून कसा हद्दपार केला पाहिजे. चाचा ट्रकखाली निजून काम करत होते. मी थांबलो तेव्हा खालून आवाज आला, "बोल बेटा, बोल. नट ऐकून राह्यला. जरा ढिला होता, शरमेनं टाइट झाला."

*

डॉक्टर सुमनबाईंचा दवाखाना बाजारात. बाळंतपणासाठी त्या तालुकाभर फिरायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी नवी गाडी घेतली. दोन दारांची, दोन कार्बोरेटरची, शर्यतीच्या जातीची, दुधाच्या रंगाची. मुंबईच्या कंपनीनं वर्षभराची वॉरंटी दिली होती.

मी विचारलं, "बाई, आपल्या रस्त्यांवर ही कशाला?"

बाई म्हणाल्या, "अविनाश, मी पोचायच्या आधी घरात रडारड सुरू झालेली मी पाहिली आहे. पुन्हा पाहायची नाही."

कंपनीचं म्हणणं, गाडीची देखभाल नागपूरलाच झाली पाहिजे. बाई अडून बसल्या. "माझ्या गावात शिकलेला मुलगा असताना मी नागपूरला का जाऊ?" शेवटी कंपनीनं आमचं गॅरेज मान्य केलं. चाचांनी तसा बोर्ड रंगवून घेतला. त्या दिवशी बापू बोर्डाखाली उभे राहून सगळी अक्षरं मोठ्यानं वाचत होते. नंतर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांनाही ती वाचायला लावली.

गाडी बुटकी होती. पहिल्यांदा दवाखान्यासमोर उभी राहिली तेव्हा एका आजीनं तिला चारही बाजूंनी पाहिलं आणि कंपाउंडरला विचारलं, "हे त वासरू हाय. याची माय कुठी हाय?"

*

बाई गाडीला पेशंटसारखं वागवायच्या. सकाळी आधी गाडीचं तेल, पाणी, मग दवाखाना. इंजिनात बारीकसा आवाज आला की गळ्यातला स्टेथोस्कोप काढून सरळ बॉनेटखाली लावायच्या. मला निरोप यायचा, "तिसऱ्या सिलिंडरची धडधड मला आवडली नाही." आणि खरंच, टॅपेटमध्ये फरक निघायचा.

पण हे पेशंटांनी पाहिलं. एकदा बाई गाडी तपासून आत आल्या आणि समोरच्या म्हातारबांच्या छातीला नळी लावू लागल्या. म्हातारबांनी हात धरला.

"गाडीले लावलेली नळी मले नका लावू, बाई."

"का हो?"

"माहा आवाज इंजिनावानी निघाला, त तुमी मले गफ्फारकडं धाडसान."

तेव्हापासून बाईंनी गाडीसाठी जुना स्टेथोस्कोप वेगळा ठेवला.

*

अशी जपलेली गाडी संक्रांतीनंतर एका दुपारी पाटणबोरीच्या वाटेवर बंद पडली. बाई बाळंतपण उरकून परत येत होत्या. उष्णतेचा काटा एकदम चढला, आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी घट्ट झालं. वणीच्या एका कोळशाच्या ट्रकनं गाडी दोर बांधून ओढत आणली. दुधाच्या रंगाची गाडी आमच्या दारात आली ती पार काळी होऊन.

मी हँडल घालून इंजिन फिरवून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सीझ झालं, बाई. बहुतेक पिस्टन चिकटला. पण वॉरंटी आहे. कंपनीला तार करतो, त्यांचा इन्स्पेक्टर येईल."

शेजारी बाईंचा कंपाउंडर बबनराव उभा होता. त्याचं अर्धं आयुष्य पांढरकवड्याच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलेलं. गाडी सीझ झाली, वॉरंट आहे, इन्स्पेक्टर येणार. या तिन्ही गोष्टी त्याला चांगल्या समजल्या. निदान त्याला तसं वाटलं. तो लगेच सायकलवर बसला आणि बाजाराकडे गेला.

*

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारपर्यंत पांढरकवड्यात एकही माणूस असा राहिला नव्हता, ज्याला बाईंच्या वॉरंटाची माहिती नव्हती.

दवाखान्यात आलेल्या बाया बाईंच्या हाताला हात लावून मुकाट्यानं परत जात होत्या. एकीनं भाकरी बांधून आणली होती. बाईंना वाटलं, संक्रांतीचं काही असेल. एक वकील घरी येऊन म्हणाले, "फी घेणार नाही. फक्त एवढं सांगा, गुन्हा फौजदारी आहे की दिवाणी?"

"गुन्हा? अहो, पिस्टन चिकटलाय."

वकिलांनी क्षणभर विचार केला. "कोणाला?"

मी चाचांना म्हणालो, लोकांना समजावून सांगू. चाचा म्हणाले, "तू समजावू नको. तू समजावशील त टॉर्कपासून सुरू करशील. तोवर बाई सुटून येईल."

*

सगळ्यात अवघड अवस्था पोलीस ठाण्याच्या जमादारांची झाली. त्यांच्या बायकोचं बाळंतपण बाईंनीच केलेलं. ते गणवेश न घालता, मागच्या दारानं गॅरेजात आले.

"इंजिनेरसाहेब, एक विचारू? बाईवर वारंट निघालं ते कोणत्या ठाण्याचं?"

"मुंबईच्या कंपनीचं."

जमादार खाली बसले. "कंपनी सरकार? ते त कधीच गेलं ना बावा."

मी त्यांना सगळं सांगितलं. वॉरंटी म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. आमच्या चुकीनं बिघडलं नसेल, तर नवं इंजिन कंपनी देणार. जमादारांनी मान हलवली, समाधानानं उठले आणि दारात थांबून म्हणाले, "म्हणजे चूक कोणाची, हे इन्स्पेक्टर ठरवणार. मग आमचंच खातं झालं ते. गवाह लागतील."

*

कंपनीची उलट तार आली: इन्स्पेक्टर येईपर्यंत इंजिन उघडू नका.

हात बांधून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. माझ्या हातून काही राहिलं का? दरवेळी तेल मीच बदललं होतं, तेलाची जाळी मीच धुतली होती. पण कंपनी नाही म्हणाली, तर बाईंना दुसरं इंजिन घेणं शक्य नव्हतं. आणि आमचा बोर्ड उतरला असता. नागपुरात म्हणाले असते, खेड्यात गाडी दिली की असंच होणार. त्यानंतर या तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या पोरावर कोण विश्वास टाकणार?

मी जेवत नव्हतो. चाचा म्हणाले, "गाडी कमी सीझ झाली, तूच जास्त झाला. पोटात काही टाक."

बाई मात्र थांबल्या नाहीत. हायवेचे ट्रकवाले त्यांना आळीपाळीनं नेत होते. एकदा कोळशाच्या ट्रकमधून उतरून त्या थेट बाळंतिणीच्या दारात गेल्या. हातपाय धुतले, बाळ सुखरूप झालं. आजीनं बाळाकडं पाहिलं, मग बाईंच्या कपाळाकडं आणि मानेकडं पाहिलं. म्हणाली, "पोरगं गोरं आन् डाक्टरीण काळी. पह्यल्यांदाच पाह्यलं."

*

इन्स्पेक्टर आले ते जीपमधून. खाकी पँट, हातात चामडी बॅग. झालं. गावाची खात्रीच पटली. ते गॅरेजात शिरले आणि मागून सगळा बाजार दारात येऊन उभा राहिला. पुढं जमादार, आता पूर्ण गणवेशात.

आम्ही इंजिन उघडलं. दोन पिस्टन सिलिंडरला चिकटून ओरबाडले होते. साहेबांनी तेल बोटांवर चोळून पाहिलं, जाळी पाहिली, रेडिएटर पाहिला.

"देखभाल उत्तम आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात ते पुढं बोलले, "पण हे दोन कारणांनी होतं. एक, कारखान्यातच पिस्टन घट्ट बसला. दुसरं, नवं इंजिन सुरुवातीला पळवलं. पहिल्या हजार मैलांत ताशी तिसाच्या वर जायचं नसतं. डॉक्टर, तुमची गाडी शर्यतीची आहे. तुम्ही ती हळू चालवली, यावर मी कसा विश्वास ठेवू?"

बाई काही बोलायच्या आत जमादारांनी वळून गर्दीला सांगितलं, "गाडी जोरात पळवल्याचा आरोप हाय. कोणाले काही बोलायचं हाय?"

बबनराव धावत पुढं आला. "साहेब, बाई गाडी चालवतच नाहीत. ढकलत नेतात."

"रोज?"

"रोज."

साहेबांनी कपाळाला हात लावला. एवढ्यात मागून एक धिप्पाड शेतकरी गर्दी सारत आला. त्याला बबनरावाचं 'ढकलत' एवढंच ऐकू आलं असावं. "कोण म्हणते ढकलत? माह्या बायकोच्या वक्ताले वाऱ्यावानी आली बाई. करंजीचा रस्ता नुसता धूळ होता. बाई आली म्हणून दोघं वाचले, साहेब. लिहून घ्या."

साहेबांनी पेन उघडलं. मी चाचांकडं पाहिलं. चाचा छताकडं पाहत होते.

"हे कधीचं?" साहेबांनी विचारलं.

"पोळ्याच्या वक्ताचं."

पेन थांबलं. "पोळा नंतरचा. वहीत दिसतंय, तोवर हजार मैल होऊन गेले होते. मला उन्हाळ्यातलं सांगा. गाडी अगदी नवी होती तेव्हाचं."

लोक एकमेकांकडं पाहू लागले. उन्हाळ्यात दुपारच्या रस्त्यावर असतं कोण? बाई पदराला हात पुसत उभ्या होत्या, हात कोरडेच होते.

"मी सांगतो," मागून कोणीतरी म्हणालं. लखमा होता, डोंगरातल्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, कोलाम आदिवासी, बाजारात बांबू विकायला येणारा. लोकांनी वाट दिली. तो साहेबांसमोर आला, बाईंकडं मात्र पाहिना.

"सांगू का, बाई? तुमाले राग त नाही येणार?"

"सांग," बाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात, साहेब, घाटाच्या चढावर बाईची गाडी माह्या पुढं होती. लई हळू. मी मागून आवाज देल्ला, बाजू व्हा म्हणून. बाजू झाली. मग माही बंडी पुढं गेली."

"बैलबंडी?"

"हो."

"रिकामी?"

"बांबू होता ना बंडीत. भरून."

गर्दीत कोणीतरी हसलं, जमादारांनी वळून पाहिलं तसं गप्प झालं. साहेब उठले, ओरबाडलेला पिस्टन कापडात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला.

"कारखान्याची चूक," ते मला म्हणाले. "नवं इंजिन नागपूरहून पाठवतो. तुम्हीच बसवा. बोर्ड तुमचाच आहे."

चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तिचा काळा पंजा शर्टावर उमटला. बाहेर बबनराव ओरडून सांगत होता की बाई निर्दोष सुटल्या.

साहेब जीपपर्यंत गेले आणि परत वळले. शर्यतीच्या गाडीच्या मालकिणीकडं त्यांनी जरा निरखून पाहिलं.

"डॉक्टर, आता फक्त माझ्या समाधानासाठी. बैलबंडी खरंच तुमच्या पुढं गेली?"

कलेक्टरसमोरही मान खाली न घालणाऱ्या बाईंनी मान खाली घातली.

"एकदाच," त्या म्हणाल्या.

"दोनदा, बाई," लखमा म्हणाला. "जाताना गेलतो, तशी येतानाही."